रोगजंतूंचा अभ्यासक : वाल्देमार हाफकिन

सर्पदंशावरील औषधाच्या कुपीवर किंवा पोलिओच्या लशीच्या खोक्यावर ‘हाफकिन’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी तालुक्याच्या दवाखान्यात वाचले असेल. परळच्या त्या संस्थेचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ज्या माणसावरून ते पडले तो मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. एखाद्या इंग्रज गव्हर्नराचे ते नाव असावे, असाच अनेकांचा समज असतो. हाफकिन इंग्रज नव्हते, गव्हर्नर नव्हते, आणि वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टरही नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पटकी आणि प्लेग या दोन रोगांच्या जिवाणूंवर त्यांनी आपली उमेदीची वर्षे खर्च केली, दोन्ही रोगांवर लस तयार केली, दोन्ही वेळा ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आणि ज्या सरकारसाठी हे काम केले, त्याच सरकारने अखेर त्यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका ठेवला. त्यांचे समग्र चरित्र सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांच्या कामाची रीत समजून घ्यावी, एवढाच उद्देश आहे. आपली लस खरोखर गुणकारी आहे हे त्यांनी कसे दाखवले, आणि त्यांच्यावरील आरोप टिकणारा नाही हे पुढे कसे दिसून आले, या दोन प्रश्नांभोवती हा अभ्यास फिरतो.

काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदरात १५ मार्च १८६० रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेच्निकॉव्ह हे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे आणि त्यासाठी १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ते हेच. विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढले गेले, त्यांना अटकही झाली. १८८१ साली ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि त्यात जखमी झाले. पदवी मिळाली, डॉक्टरेटही मिळाली. परंतु विद्यापीठात अध्यापकाचे पद हवे असेल, तर ज्यू धर्म सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हावे लागेल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. गुणवत्तेबद्दल कोणाची तक्रार नव्हती. अडचण होती ती जन्माची. या स्मरणिकेच्या वाचकांना असली व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

मग काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जतन केलेल्या प्राण्यांच्या नमुन्यांच्या संग्रहात, नोकरी केली. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या संस्थेत. मेच्निकॉव्ह तेथे आधीच पोहोचले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयातील सहायकाची होती. हाफकिन यांनी ती पत्करली. ग्रंथालयाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहण्यास सुरुवात केली.

पटकीचा जिवाणू

पटकीला आपल्याकडे मरीआईचा कोप म्हणत. गावकुसाबाहेर मरीआईचे ठाणे असे, साथ आली की कोंबडे-बकरे पडत, गाडा ओढून साथ शिवेपार नेली जाई. साथ मात्र पुढच्या गावी जाई आणि त्या गावचा गाडा आणखी पुढे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांच्या आतड्यांत आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यातही एकच जिवाणू दाखवून दिला. त्याचा आकार स्वल्पविरामासारखा वाकडा. तो रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो.

येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. खुलताबादपासून दौलताबादचा किल्ला काही कोसांवर आहे. १९३४ साली वेरूळची लेणी पाहण्यास निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वाटेत त्या किल्ल्याशी उतरले. दरवाजाजवळच्या भरलेल्या हौदावर त्यांनी प्रवासाची धूळ धुतली, तोच त्यांनी पाणी बाटवले असा गलका झाला. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवलेली आहे. पाणी खरोखर कशाने बाटते, या प्रश्नाचे उत्तर मिळून त्या वर्षी बरोबर ५० वर्षे झाली होती. ते उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली कोणालाही पाहता येत होते.

हाफकिन यांच्यापुढील प्रश्न पुढचा होता. जिवाणू सापडला, आता त्यापासून माणसाचे संरक्षण कसे करायचे? कोंबड्यांच्या पटकीवर आणि जनावरांच्या काळपुळीवर पाश्चर यांनी जी वाट काढली होती, तीच हाफकिन यांनी धरली. जिवाणूची मारकशक्ती कायम ठरलेली नसते. ती वाढवता येते आणि कमीही करता येते. त्यांनी पटकीचे जिवाणू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, तेथून तिसऱ्याच्या, असे अनेकदा नेले. प्रत्येक फेरीत ते अधिक तीव्र होत गेले आणि अखेर त्यांची तीव्रता एका ठरावीक पातळीवर स्थिर झाली. उलट दिशेने, सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानात आणि भरपूर हवेत वाढवले असता तेच जिवाणू दुबळे झाले. प्रथम दुबळ्या जिवाणूंची लस टोचायची आणि काही दिवसांनी तीव्र जिवाणूंची, अशी दोन मात्रांची पद्धत त्यांनी ठरवली. पहिल्या मात्रेने शरीर सावध होते, दुसरीने त्याचा निर्धार पक्का होतो, असे सोप्या भाषेत म्हणता येईल. स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी १८८५ सालीच पटकीची लस वापरली होती. पण तीत जिवाणूंची मात्रा किती आणि तीव्रता किती, याचे प्रमाण बसवलेले नव्हते. हाफकिन यांनी जे केले ते या प्रमाणाचे काम होते.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, दुसऱ्या मात्रेनंतरही तसेच झाले, आणि मग सर्व शमले. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांना लस दिली. रशियात ती वापरण्याची त्यांची इच्छा होती, पण ज्या देशाने त्यांना अध्यापकाची खुर्ची नाकारली त्याने लसही नाकारली. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानाकडे बोट दाखवले, आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

कलकत्त्यातील काट्टल बागान या वस्तीतील प्रसंग त्यांच्या पद्धतीवर प्रकाश टाकतो. १८९४ च्या मार्चअखेर तेथे पटकीचे रुग्ण आढळले. वस्ती सुमारे दोनशे माणसांची, सारे एकाच तळ्याचे पाणी पिणारे. हाफकिन यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर होते. लोक प्रथम बिथरले, दगड आले, असे सांगतात. डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली तेव्हा वातावरण निवळले. ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे नवे रुग्ण आढळले, ते सारे लस न घेतलेल्यांतील होते. पाणी तेच, घरे तीच, अन्न तेच. फरक फक्त लशीचा. अशी जोडी मिळाली, तरच आकडा काही बोलतो, हे हाफकिन पक्के जाणून होते. लाखभर लोकांना लस दिली आणि त्यांतले फार थोडे मेले, असे म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. लस न घेतलेले तशाच माणसांतले किती मेले, हे शेजारी मांडावे लागते. आसामच्या चहामळ्यांपासून पंजाबच्या छावण्यांपर्यंत त्यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना लस दिली. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना काही काळ युरोपला परतावे लागले.

मुंबईतील प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रुग्णाची गाठ पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. धान्याच्या वखारी, दाटीच्या चाळी आणि वखारींतून मरून पडणारे उंदीर. काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. पुढे ही साथ देशभर पसरली आणि दोन-अडीच दशकांत तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत प्लेग आला की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची पद्धत पडली. आपल्या आजी-पणजींच्या बोलण्यात तो माळ आणि त्या झोपड्या येत असत.

प्लेगचा जिवाणू दोन वर्षांपूर्वीच, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. तेही पाश्चर संस्थेतलेच. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र अजून कळलेले नव्हते. उंदरावरची पिसू हा त्यातला दुवा आहे, हे पॉल-लुई सिमॉन यांनी १८९८ साली कराचीत दाखवले आणि तेही सर्वमान्य व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात, चावताना जिवाणू रक्तात सोडतात, आणि जवळची रसग्रंथी सुजून जांघेत वा काखेत गाठ येते. ही साखळी ठाऊक नसताना सरकारने गटारे धुतली, जमिनी खणल्या, घरे जंतुनाशकाने भिजवली, माणसे उचलून छावण्यांत नेली. पिसू मात्र मोकळीच होती. लशीचा मोठेपणा असा की जिवाणू कोणत्या वाटेने येतो हे ठाऊक नसले, तरी तो आल्यावर शरीर तयार असते.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण इतका होता की एका सहायकाची प्रकृती खचली आणि आणखी दोघे सोडून गेले. येथे त्यांनी पटकीपेक्षा वेगळी वाट घेतली. प्लेगचे जिवाणू जिवंत टोचायचे नाहीत, आधी मारायचे आणि मग टोचायचे. त्यासाठी जिवाणूंचे मोठे पीक हवे होते. मांसरसाने भरलेल्या चंबूत वर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडले, तर प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, छतावरून चुनखडीचे लोलक लोंबावेत तसे. चंबू हलवला की ते खाली बसतात आणि वर नवे पीक येते. आपल्या स्वयंपाकघरातले तूप जगातल्या पहिल्या प्लेगच्या लशीच्या कामी आले, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. मांसरसाबाबतही त्यांनी विचार केला होता. गाय किंवा डुक्कर यांचे मांस वापरले असते, तर हिंदू वा मुसलमान लस घेणारच नाहीत, म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. काही आठवडे वाढलेले जिवाणू तापवून मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, अशी ती कृती होती.

डिसेंबरात सशांवर लस उतरली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी कॉलेजातील डॉक्टरांच्या साक्षीने १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना सर्वसाधारणपणे जी मात्रा दिली गेली, तिच्या ही सुमारे चौपट. तापाने अंग तापले, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण ते कामावर जात राहिले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी रोजी कैद्यांना लस देऊ करण्यात आली आणि सुमारे निम्म्यांनी ती स्वेच्छेने घेतली. त्याच दिवशी ज्यांच्या अंगात रोग आधीच भिनलेला होता, त्यांतले तिघे दगावले. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ मरण पावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, दोघेही वाचले. भिंती एकच, भाकरी एकच, काम एकच. काट्टल बागानचीच मांडणी, पण या वेळी तुरुंगाच्या नोंदवहीत.

याहून नेमका प्रयोग १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदा संस्थानातील उंधेरा या खेड्यात झाला. गावात प्लेग होता. सर्व कुटुंबांना घरवार बसवण्यात आले आणि प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस देण्यात आली. वय, प्रकृती, स्त्री-पुरुष असे शक्य तितके समतोल भाग पाडून. मग काही आठवड्यांनी घरोघर जाऊन मोजणी केली. ज्या २८ घरांत पुढे प्लेग शिरला, त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांतली ८ आजारी पडली आणि ३ दगावली. त्याच घरांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ दगावली. एकाच चुलीवर जेवणाऱ्या, एकाच छपराखाली निजणाऱ्या माणसांतला हा फरक आहे. आजच्या नियमांनी असा प्रयोग होऊ शकणार नाही, आणि होऊही नये. वाचवता येण्याजोगी माणसे मुद्दाम उघडी ठेवणे आज आपण मान्य करणार नाही. त्या काळी मात्र लसच माणसे मारते असे छातीठोकपणे सांगणारे डॉक्टरही होते, आणि त्यांना उत्तर देणारे हेच आकडे होते.

लशीला विरोध होता, त्याला कारणेही होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. पुण्यात गोरे सैनिक घरांत घुसून रुग्ण शोधू लागले, आणि त्या जुलमाच्या संतापात २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच सरकारने सुई पुढे केली, तर लोकांनी विश्वास का ठेवावा? हाफकिन यांनी लस सक्तीची करण्याची वाट धरली नाही. मुंबईत आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला, आणि खोजा समाजातील हजारो लोक लस घेऊन गेले. ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो माणूस आधी बाही वर करतो, तेव्हा रांग लागते.

या सालांच्या शेजारी आणखी एक तारीख ठेवावीशी वाटते. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर ससाणे यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. तो मुलगा वाचला आणि त्यांना लागण झाली, असे सांगतात. मुंबईच्या त्या एका व्हरांड्यातून लस तेव्हा नुकती कोठे बाहेर पडू लागली होती. हाफकिन आणि सावित्रीबाई यांची भेट कधी झाली नाही. एकाच जिवाणूसमोर दोघेही त्याच काही आठवड्यांत उभे होते, एक सूक्ष्मदर्शक घेऊन आणि एक रुग्णाला पाठीवर घेऊन.

लशीची मागणी वाढत गेली. प्रयोगशाळा एका जागेतून दुसऱ्या जागेत हलत १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये स्थिरावली.

मुल्कोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांतल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. ते सर्व १९ जण धनुर्वाताने मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

बाटलीत धनुर्वाताचे जिवाणू होते, यात शंका नव्हती. ते तीत शिरले कोठे? परळला, बाटली भरताना, की मुल्कोवालला, बाटली उघडताना? सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. हाफकिन यांनी उत्पादन वाढवण्यासाठी लशीतील कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता. तोच मुद्दा धरून दोष परळच्या प्रयोगशाळेकडे देण्यात आला. हाफकिन यांना पदावरून निलंबित करण्यात आले. वेतन थांबले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ते रशियन, ज्यू, आणि सरकारी वैद्यकीय सेवेच्या बाहेरचे; त्यांच्या बाजूने बोलणारे त्या सेवेत फार नव्हते. लंडनच्या लिस्टर संस्थेने कागदपत्रे तपासून सांगितले, की दूषितपणा कोणत्या टप्प्यावर शिरला हे ठरवणे अशक्य आहे. तरीही ठपका तसाच राहिला.

विद्यार्थ्यांनी हा पुरावा स्वतः पडताळून पाहावा असा आहे, म्हणून त्याचे तपशील देतो. बाटली परळला भरल्यापासून ती उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. धनुर्वाताचा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि वाढताना दुर्गंधी सोडतो. तो ४१ दिवस बंद बाटलीत वाढत राहिला असता, तर बूच काढताच वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला असा वास आला नव्हता. दुसरे असे की इतक्या दिवसांत लशीत विष भरपूर साठले असते आणि रोगाची लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती जवळजवळ आठवडा उलटत आला तेव्हा दिसू लागली. आणि तिसरी गोष्ट चौकशीतच नोंदली गेली होती. बाटली उघडण्याच्या वेळी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जिवाणू मातीत बीजाणूंच्या रूपात असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचे जाड कवचातले निद्रिस्त रूप. कार्बोलिकच्या पाण्यातील क्षणभराच्या बुचकळीने ते मरत नाहीत; त्यासाठी चिमटा ज्योतीवर धरावा लागतो.

मलेरियाचा डासांमधला प्रवास शोधून काढणारे, १९०२ च्या नोबेलचे मानकरी रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे हाती घेतले. १९०७ च्या जुलैमध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाही एवढेच म्हटले नव्हते, तर उपलब्ध पुरावा दोष खेड्यातील हाताळणीकडे दाखवतो, असे प्रतिपादन होते. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस यांना खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती, त्या प्रकरणाशी अनेकांनी याची तुलना केली. ज्या माणसाने एका चिमट्याची चूक केली, त्याला दोष देऊन मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. साथ गावोगाव पसरलेली, लशीची मागणी प्रचंड, हाताखाली घाईने शिकवलेली माणसे. ज्योतीवर धरायचे की पाण्यात बुडवायचे, एवढा तपशील अशा घाईत गळून पडतो, आणि १९ घरे उजाड होतात. बाटली कोणत्या क्रमांकाची, कोणत्या दिवशी भरली, कोणाला टोचली, याच्या नोंदी होत्या म्हणूनच पाच वर्षांनी का होईना, सत्याचा माग काढता आला.

सरकारने त्यांना परत बोलावले. परळला मात्र नाही. कलकत्त्याच्या जैविक प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली आणि मोठ्या प्रमाणावर लस देण्याच्या कामापासून ते दूरच राहिले. तेथे त्यांनी १९१४ पर्यंत काम केले, पण पूर्वीच्या वेगाचे आणि व्याप्तीचे काम पुन्हा त्यांच्या हातून झाले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले, ज्यू शिक्षणसंस्थांच्या कार्यात लक्ष घालू लागले आणि १९३० च्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ मध्ये, तत्कालीन संचालक मॅकी यांच्या सूचनेवरून परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्लेगचा जिवाणू मात्र नाहीसा झालेला नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात तो १९९४ साली पुन्हा प्रकट झाला. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता आणि त्यानंतर मराठवाड्यात उंदरांचा उपद्रव वाढला होता. ऑगस्टमध्ये मामला या गावी घराघरांत उंदीर मरून पडू लागले आणि सप्टेंबरच्या मध्यास गाठींचे रुग्ण आढळले. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसांचा प्लेग उसळला, लोक आगगाड्या भरभरून शहर सोडू लागले, आणि त्या साथीत देशात पन्नासच्या आसपास माणसे दगावली. त्या दिवसांतले तोंडावर बांधलेले रुमाल आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आठवत असतील. या वेळी लशीवर भिस्त नव्हती. प्रतिजैविके हाती होती आणि पिसू कोणत्या वाटेने येते हे ठाऊक होते, त्यामुळे घरोघर कीटकनाशकाची फवारणी झाली. १८९७ साली सैनिकांच्या भीतीने लोक आपला रुग्ण माळ्यावर लपवत होते. मामल्यात उंदीर पडताहेत आणि घरात पिसवा वाढल्या आहेत, ही तक्रार गावकऱ्यांनीच आरोग्य खात्याकडे नेली होती.